पाठीकडचं कापड

"इहीणबाई, हाई धोतर मन्हा सासरानं शे," शांतीबाईंनी गाठोडं सोडता सोडता सांगितलं. "ऐंशीना पुढे गयात, अजून भाकर चावीसन खातस. पोऱ्यानं पहिलं अंगडं येनंच शिवू."

ओट्यावर बसलेल्या सुकलालच्या हातातली सुई तिथेच थांबली.

शांतीबाई म्हणजे त्याच्या लेकीची, निर्मलाची सासू. नातू झाल्याचं कळताच तळोद्याकडून एस.टी. पकडून त्या तापीकाठच्या प्रकाशा गावी आल्या होत्या. बाळ पाहिलं, त्याच्या कपाळावरून बोटं ओवाळून कानशिलावर मोडली, गुळाचा चहा घेतला, आणि मग हे धोतर काढलं. पिवळट पडलेलं, पण स्वच्छ धुतलेलं.

आता रीत अशी, की पहिलं बाळंतपण माहेरचं आणि बाळाचं पहिलं अंगडं आईच्या बापाच्या वापरल्या कापडाचं. त्याचं आयुष्य बाळाला लागावं, एवढाच त्यातला अर्थ. पाचवीच्या पूजेला ते बाळाच्या अंगात हवं. तोवर त्याला नुसतं धडप्यात गुंडाळायचं. पाचवी उद्यावर आली होती.

सुकलालची पत्नी अनुसयाबाई चुलीपुढून उठून आल्या. "रीत तं आईना बापना कापडनी शे, इहीणबाई."

"ते माले काय ठाऊक नही?" शांतीबाईंनी आवाज खाली आणला. पण शेताच्या या बांधावरून त्या बांधावर हाक मारणाऱ्या बाईचा आवाज खाली येऊन येऊन किती येणार? ओट्यावर सगळं ऐकू गेलं. "पोऱ्यानी पाठ सरळ शे. ती सरळच ऱ्हावो, इतलंच मन्हं म्हननं शे. तुम्ही वाईट वाटू दिऊ नका."

अनुसयाबाईंनी ओट्याकडे पाहिलं. सुकलालला उत्तर सुचलं नाही, आणि ही गोष्ट नवीन होती.

कारण सुकलाल म्हणजे उत्तर तयार असलेला माणूस. लहानपणी मोठा ताप आला, महिनाभर अंथरुणात गेला आणि उठला तो पाठीवर कुबड घेऊन. डावा खांदा वर, उजवा खाली. पुढे अंगात ताकद आली, बापाची कापसाची शेती त्यानं एकट्यानं ओढली, पण पाठ तशीच राहिली. लग्न ठरलं तेव्हा भिला शिंप्यानं भर गल्लीत त्याचं माप घेतलं. तीनदा फीत लावली, तीनदा काढली आणि म्हणाला, "सुकलाल, तुन्हं माप लेऊ का उंटनं?" ओट्यावरची माणसं हसली. भिला मनानं वाईट नव्हता, फक्त चार माणसं जमली की त्याच्या जिभेला खाज सुटे. सदरा आला तो असा, की पुढून गुडघ्याशी आणि मागून कमरेच्या वर. मांडवात बायकांनी तोंडाला पदर लावले.

लग्नाची हळद उतरायच्या आत सुकलालनं तो सदरा उसवला. शहाद्याच्या बाजारातून सुया आणल्या, मांजरपाट आणला, आणि बसला शिवायला. पहिल्या सदऱ्याला एक बाही उलटी बसली. दुसऱ्यात डोकं जाईना. बाप म्हणाला, बायकांची कामं करतोस? आई म्हणाली, निदान घरात बसून तरी कर. सुकलाल मुद्दाम ओट्यावर बसायचा. "लपीसन शिवं तं लोके समजतीन चोरी करी ऱ्हायना," हे त्याचं उत्तर.

तिसऱ्या सदऱ्याला त्याला आपली पाठ सापडली. पाठीचं कापड एका तुकड्यात कापायचंच नाही, दोन तुकडे करायचे आणि मधे कळी घालायची. बायकांच्या झग्याला घेर यावा म्हणून तिकोनी पट्टी घालतात, तशी. त्या कळीत कुबड बसलं आणि सदऱ्याचा घेर खाली चहूबाजूंनी सारखा आला. त्या दिवशी तो कारण नसताना बाजारपेठेतून दोनदा चालत गेला.

तेव्हापासून दुसऱ्या कुणी शिवलेला कपडा त्याच्या अंगाला लागला नाही. सदरा, बंडी, थंडीची कोपरी, सगळं आपल्या हातचं. टोपीत दोरा ओवलेली सुई खोचलेली असे, आणि औताला विसावा दिला की ती बाहेर निघे. त्याचे सदरे पाहिले की नवा माणूस मात्र गोंधळायचा, कारण शिवण बाहेरून दिसायची. "सुकलाल, सदरा उलटा घाला का?" असं कुणी विचारलं की तो सांगायचा, "लोकसना डोयाले टोचं तं चाली, मन्हा पाठले नको." कुबडावरची कातडी पातळ होती. आतली शिवण तिथे दिवसभर काचायची, हे भिलाला कसं कळणार?

इतकी ऐट असलेल्या या माणसाची एक गोष्ट मात्र गावाला माहीत नव्हती, ती म्हणजे त्याची उघडी पाठ. तापीवर तो सगळ्यांच्या आधी आंघोळ उरकून येई. उन्हाळ्यात गल्लीतले पुरुष उघडेबंब बसत, तेव्हाही सुकलालच्या अंगात सदरा असे. आपण शिवलेल्या कापडात तो कुणालाही तोंड द्यायला तयार होता. त्या कापडाबाहेर नाही.

आणि आता त्याच्या अंगात जो सदरा होता, तो काही साधा नव्हता. निर्मलाला दिवस गेल्याचं कळलं तेव्हापासून त्यानं हाच जास्त वापरला होता. दगडावर आपटायचा नाही, नुसता चोळून धुवायचा, म्हणजे कापड मऊ होईल पण विरणार नाही. अनुसयाबाई त्यावरून त्याला चिडवत. दुसरा सदरा नवा, कडक, आज धुऊन दोरीवर टाकलेला. तो वाळला की उद्या सकाळी अंगातला काढायचा, घरात दार लावून कापायचा आणि पाचवीच्या आत अंगडं तयार करायचं. एवढे महिने हा बेत त्यानं मनात किती वेळा शिवून पाहिला होता, कोण जाणे.

शांतीबाईंच्या बोलण्यावर त्यानं हातातलं शिवण बाजूला ठेवलं. मग हात पुढे करून म्हणाला, "आना इहीणबाई. मीच शिवी देस."

शांतीबाईंचा जीव भांड्यात पडला. त्यांनी धोतर त्याच्या हाती दिलं. सुकलालनं ते मांडीवर पसरलं, सुईत दोरा ओवायला घेतला, आणि दोरा काही नेढ्यात जाईना.

"आबा," आतून निर्मलाची हाक आली.

बाळंतिणीच्या खोलीत पुरुषानं जायचं नव्हतं. तो उंबऱ्याबाहेर उभा राहिला. आत शेपांच्या धुरीचा वास भरला होता. पडद्याआड निर्मला खाटेवर उठून बसली होती, एवढं दिसलं.

"तुम्ही जो सदरा जपी ऱ्हायंतात, तो कोठे शे?"

"मन्हा आंगमा शे."

"तो माले द्या."

"नको माय. त्यासनं धोतर चांगलं शे. पिकेल मानूसनं शे."

"मी धोतरनं नही विचारं." ती पडद्याजवळ सरकली. "आबा, तुम्हले बी भ्याव वाटस का?"

सुकलालनं चौकटीवर हात ठेवला. भिलाला, बापाला, साऱ्या गावाला तो उत्तर देत आला होता. कारण ते जे बोलत, ते त्याला स्वतःला कधी खरं वाटलं नव्हतं. आज पहिल्यांदा कुणाचं तरी बोलणं त्याच्या आत शिरून बसलं होतं. समजा, खरंच लागलं तर? एवढ्याशा पाठीला?

"वाटस," तो म्हणाला.

आत चुळबुळणाऱ्या बाळाला थोपटल्याचा आवाज आला. मग निर्मलानं विचारलं, "मन्हं पहिलं अंगडं कसानं व्हतं?"

अनुसयाबाई त्याच्या मागे येऊन उभ्या होत्या, त्या बोलल्या. "मन्हा बाप तवय नव्हता. घरमा दुसरं मानूसच नव्हतं. यासनाच सदरानं व्हतं. यासनीच शिवं, आठेच ओटावर बशीसन. तवय नही वाटनं भ्याव."

"तवय कोणी बोलेल नव्हतं," सुकलाल म्हणाला.

निर्मला सासूला आत्याबाई म्हणे. तिनं जरा आवाज चढवून हाक मारली, "आत्याबाई, माले देखाले उनात तवय तुम्ही माले हांडा लीसन चालाले लावं व्हतं. काय बोलनात तवय?"

शांतीबाई ओसरीवर पाय पसरून बसल्या होत्या. त्यांनी पाय जवळ घेतले. ते बोलणं साऱ्या सोयऱ्यांत गाजलं होतं, नाही म्हणायची सोय नव्हती. "बोलनू, पोर कशी सरळ शे. हांडामातलं पानी बी हालत नही."

"त्या पोरनं पहिलं अंगडं आबाना सदरानं व्हतं."

शांतीबाई दुष्ट नव्हत्या. त्यांच्या थोरल्या सुनेचं मूल पाचवीच्या आधीच गेलं होतं, आणि तेव्हापासून त्यांना सावलीचंही भय वाटे. त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या.

"मंग माले देखू द्या तो सदरा," शेवटी त्या म्हणाल्या. "उसवीसन. मन्हा डोयासमोर."

सुकलालनं दोरीकडे पाहिलं. नव्या सदऱ्यातून अजून पाणी टिपकत होतं. अनुसयाबाई म्हणाल्या, सकाळपर्यंत थांबता येईल. सुकलाल घरात गेला. बाहेर आला तेव्हा सदरा त्याच्या हातात होता आणि खांद्यांवरून उपरणं घट्ट लपेटलेलं होतं.

त्यानं अंगणात खाट ओढली, वर सदरा टाकला आणि सुईच्या टोकानं पहिला टाका उचलला. आयुष्यात दुसऱ्याचं शिवण त्यानं एकदाच उसवलं होतं, आपलं कधीच नाही. टाके इतके पक्के होते, की त्याचा त्यालाच राग आला आणि लगेच अभिमानही वाटला. बाह्या सुटल्या, पुढचं पान सुटलं, आणि मग पाठ. एका हाताला एक तुकडा, दुसऱ्या हाताला दुसरा, मधली कळी वेगळी. त्यानं ते तिन्ही खाटेवर पसरून हातानं साफ केले. अंगावर असताना ज्यात अख्खं कुबड मावत होतं, ते कापड खाटेवर सरळ सपाट पडलं होतं. सुकलाल स्वतःच ते पाहत राहिला. कुठे फुगवटा असेल, असं त्यालाही मनातून वाटत होतं की काय, देव जाणे.

शांतीबाई जवळ आल्या. त्यांनी आपला राकट तळवा आधी पुढच्या पानावरून फिरवला, मग बाह्यांवरून, मग पाठीकडच्या तुकड्यांवरून. कळीशी त्यांचा हात थांबला. परत मागे गेला, परत तिथेच आला.

"आठे जास्त मऊ शे," त्या म्हणाल्या. "कसं काय?"

"तठे मन्ही पाठ घासास," सुकलालनं सांगितलं. "रोज."

शांतीबाईंनी ते कापड उचलून गालाला लावून पाहिलं. बाळाची चिंता करणारी बाई ते असंच पाहते. मग त्यांनी ते खाली ठेवलं आणि त्यावर बोट टेकवलं.

"मंग आठेनंच काढा."

सुकलालनं मान डोलावली. मग धोतर पुढे ओढून तो म्हणाला, "तुम्हना सासराना धोतरनं टोपडं करस. डोकं बी तं पक्कं पाहिजे."

"करा," शांतीबाई म्हणाल्या आणि डोळे पुसत पुसत चुलीकडे गेल्या. धूर झाला होता, असं त्यांनी अनुसयाबाईंना सांगितलं.

दुपार कलली तेव्हा सुकलाल नेहमीच्या जागी ओट्यावर बसला होता. अंगडं अर्धं होत आलं होतं. टाके बारीक घालायचे होते, त्यासाठी तो पुढे वाकला होता. उपरणं खांद्यावरून सरकायचं, तो एका हातानं ते वर ओढायचा, पुन्हा शिवायचा, पुन्हा ओढायचा.

भिला शिंपी काठी टेकत गल्लीतून चालला होता. आता तो म्हातारा झाला होता, दुकान मुलं पाहत होती. ओट्यापाशी तो थांबला.

"काय शिवी ऱ्हायना, सुकलाल?"

"नातूनं पहिलं अंगडं."

"कसानं?"

"मन्हा सदरानं. पाठकडनं कापड शे."

भिलानं मिचमिच्या डोळ्यांनी टाक्यांकडे पाहिलं. अगदी जवळ येऊन पाहिलं. हसण्यासारखं त्याला काही सापडलं नाही.

"शिवण भाईर ठेवजो," तो म्हणाला. "बाळले टोचाले नको."

"तेच करी ऱ्हायनू. माले ठाऊक शे ते."

"तुले ठाऊक शे," भिला म्हणाला, आणि तिथेच ओट्याच्या कडेला टेकला.

शेतावरून परतणारी माणसं गल्लीतून जाऊ लागली होती. आतून बाळ रडलं, शांतीबाईंनी त्याला चुचकारलं. सुकलालनं गळपट्टीचा शेवटचा वळसा धरला आणि उपरणं दोन्ही खांद्यांवरून घसरून मांडीवर आलं. उन्हाची तिरीप सरळ त्याच्या पाठीवर पडली. त्यानं ते वर ओढलं नाही. दोन्ही हात त्याला शिवायला हवे होते.