सातवं झुडूप

माझ्या भावाला सगळी गल्ली गुलाबसाहेब म्हणते. तोंडावर आदराने, पाठीमागे हसून. चौतीस वर्षं मोजणी खात्यात लोकांच्या जमिनी मोजल्या आणि निवृत्त झाल्यावर गुलाबांच्या नादी लागला. तो वरच्या मजल्यावर राहतो, मी खालच्या. वडिलांनी जाण्याआधी एका कागदावर लिहून ठेवलं होतं: वरचा मजला मुलाला, खालचा मुलीला, बाग सामाईक. ‘सामाईक’चा अर्थ भावाने एवढाच लावला, की झुडपं त्याची आणि पाणी घालणं माझं.

मी पाणी घालत राहिले. मी बोलत नसेच. ‘ताई, समजून घे ना’ हे वाक्य तो बोबडं बोलायचा तेव्हापासून ऐकत आलेय. त्याला अभ्यासाला खोली हवी, म्हणून मी स्वयंपाकघरात झोपले. समजून घेतलं. त्याला कॉलेजात पाठवायचं, म्हणून मला शिवणाच्या क्लासला घातलं. तेही समजून घेतलं. शिवण मला पुढे मनापासून आवडायला लागलं, ही गोष्ट वेगळी.

माझं मशीन खिडकीशी आहे आणि खिडकीबाहेर, हात लांबवला तर काटा टोचेल इतक्या जवळ, सातवं झुडूप. एकूण चौदा आहेत, भावाने सगळ्यांना नंबर दिलेत. सातव्यात बुलबुलाच्या जोडीने घरटं बांधलं ते माझ्या डोळ्यांदेखत. काड्या कुठून कुठून आणल्या, पण अस्तर माझ्याकडचं. मशीनखालचे दोऱ्याचे तुकडे मी खिडकीतून झटकते, त्यातले निवडून नेले. मशीन सुरू असलं की मादी अंड्यांवर निवांत बसायची. मी थांबले की मान उंच करून बघायची, काय झालं म्हणून. शेपटीखाली लाल ठिगळ, डोक्यावर तुरा, आणि तोरा तर विचारूच नका. अंडी तीन होती. एका मंगळवारी सकाळी तिन्हींतून पिल्लं बाहेर आली.

त्याच दुपारी भाऊ छाटणीची कात्री घेऊन खाली आला. रविवारी घरगुती बागांच्या स्पर्धेचे परीक्षक येणार होते.

“ताई, सातवं आज छाटतो. रांग बिघडवतंय. मावाही पडलाय, फवारा मारायला हवा.”

“त्यात पिल्लं आहेत. आजचीच.”

“मग घरटं अलगद उचलून कुंपणात ठेवू. पाखरांना काय, इथे काय नि तिथे काय.”

“तिथे ठेवलंस आणि आई फिरकलीच नाही तर? उपाशी मरतील.”

“दोन वर्षं कप हुकलाय माझा. समजून घे ना.”

‘बरं’ माझ्या ओठांवर आलंही होतं. सवय वाईट. तेवढ्यात त्याच्या काखेतलं कार्ड दिसलं, स्पर्धेवाल्यांनी फाटकावर लावायला दिलेलं. ‘बागेचे मालक’ या रकान्यात त्याचं नाव. खाली ‘मदतनीस’ असा रकाना आणि त्यात माझं.

“मदतनीस?”

“अगं, मालक एकच लिहिता येतो. रकानाच तसा आहे.”

माझं डोकं असं सणकलं की गळ्यातला टेप काढून मी थेट बागेत गेले आणि भिंतीपासून मोजायला लागले. सामाईक ना? मग निम्मं करू.

भाऊ आधी हसला. मग त्याला माझं मोजणं बघवेना. “ढिला धरलायस. ताण दे. आणि कपड्याच्या टेपने जमीन मोजतात का?” तो तरातरा वर गेला, आपला खात्यातला लांब टेप घेऊन आला, एक टोक माझ्या हातात दिलं, दुसरं स्वतः धरलं. इंच इंच बघून मोजलं, पुन्हा उलट बाजूने मोजून ताडून पाहिलं, बरोबर मध्यावर खुंटी ठोकली. मी तिला लाल दोरा बांधून समोरच्या कुंपणापर्यंत ताणला. सुतासारखी सरळ हद्द आखली गेली.

सातवं झुडूप एका वितीने माझ्या बाजूला होतं.

भाऊ खुंटीकडे बघत राहिला. दुसऱ्या कुणी मोजलं असतं तर त्याने शंभर चुका काढल्या असत्या. स्वतःच्या मोजणीत चूक काढणं त्याच्या रक्तात नाही.

“हे काही खरं नाही हं, ताई,” एवढंच म्हणाला.

त्याचा भरवसा मला नव्हता. माप द्यायला आलेल्या नर्सबाईला हाताशी धरून मी मशीन बाहेर काढलं आणि सातव्या झुडपाला खेटून मांडलं. पाच दिवस तिथेच शिवलं. गिऱ्हाइकं बागेत उभी राहून मापं द्यायची. उन्हाने माझी मान भाजून निघाली, पण मशीनची घरघर ऐकून बुलबुलीण खूश होती. शुक्रवारी भाऊ नाकाला फडकं बांधून, पाठीवर फवाऱ्याची टाकी घेऊन आला.

“ऊठ. औषध मारायचंय.”

“मार की. मी पण इथेच आहे.”

त्याने टाकी उतरवली आणि लाल दोऱ्यापलीकडचीच झुडपं फवारली.

रविवारी परीक्षक आले. एक बाई नि एक गृहस्थ, दोघांच्याही हातात पॅड. भावाच्या बाजूला त्यांनी तोंडभरून वाहवा केली, आणि ती खोटी नव्हती. पहाटे उठून तो त्या झुडपांसाठी राबतो, हे मला नाही तर कुणाला माहीत? मग बाई दोऱ्यापाशी थांबल्या. अलीकडे अस्ताव्यस्त सातवं, त्याला टेकलेलं मशीन आणि मशीनवर मी.

“हे काय आहे?”

“ती माझी बहीण,” भाऊ घाईघाईने म्हणाला. “मदतनीस. जरा हट्टी आहे.”

“मदतनीस नाही,” मी म्हणाले. “निम्मी मालकीण. कार्ड चुकलंय, दुरुस्त करा.”

बाईंनी चष्मा सारखा केला. “नोंद एकाच मालकाची असते. दोन लिहिले तर नियमाने नोंद बाद होईल. तुमचं काय ते ठरवा.”

भावाने माझ्याकडे पाहिलं. साठीला आलेला माणूस, पण नजर तीच, माझ्या हातातला लाडू मागतानाची. अगदी हळू म्हणाला, “ताई, समजून घे ना.”

खोटं कशाला बोलू? बाकीची तेरा झुडपं कपाच्या लायकीची होती आणि एक शब्द गिळला असता तर कप घरात आला असता. तेवढ्यात बुलबुलीण चोचीत अळी घेऊन आली. चार माणसं जमली आहेत, पॅड आहेत, नियम आहेत, तिला कशाशी देणंघेणं नव्हतं. माझ्या मशीनच्या चाकावर टेकली आणि तिथून सरळ आपल्या घरात शिरली.

“नाही,” मी म्हणाले. “या खेपेला तू समजून घे.”

बाईंनी कार्डावर आडवी रेघ मारली.

भाऊ त्यानंतर माझ्याशी बोलला नाही. जिना उतरताना मान पलीकडे. मीही मनवायला गेले नाही. वाईट वाटत होतं, पण पश्चात्ताप होत नव्हता, आणि या दोन गोष्टी वेगळ्या असतात हे मला या वयात कळलं. शनिवारी सकाळी तिन्ही पिल्लं एकामागून एक धडपडत कुंपणावर गेली आणि तिथून दिसेनाशी झाली.

दुपारी भाऊ कात्री घेऊन आला. लाल दोऱ्यापाशी येऊन थांबला, पाय पलीकडेच ठेवून.

“गेली?”

“गेली.”

तो जरा घुटमळला. कात्री या हातातून त्या हातात घेतली.

“मग... सातवं छाटू का?”

उभ्या जन्मात त्याने मला पहिल्यांदा काही विचारलं होतं. मी मशीन थांबवलं नाही.

“माझ्या निम्म्यातलं आहे,” मी म्हणाले. “विचार करून सांगते.”