अहमदभाईंनी न दिलेले उत्तर

मित्रांनो, ग्रामपंचायतीच्या कपाटात, पिवळ्या पडलेल्या कागदांखाली जो काळा, जड टेलिफोन पडून आहे, तो मी. माझी तबकडी आता फिरत नाही.

दूरच्या एका कारखान्यात माझे भाग जुळले. १९८२ साली मला मालगुंडजवळच्या या किनारी गावात आणले. सरपंच अहमदभाईंनी खटपट केली म्हणून मी आलो. गावात फोन मी एकटाच. गावातल्या चिमा नावाच्या मुलीला साप चावला तेव्हा रत्नागिरीहून गाडी बोलावली ती माझ्यावरूनच. ती वाचली. दुसऱ्या दिवशी बायकांनी मला हळदकुंकू लावले.

अहमदभाईंची दुबईत मासळीच्या धंद्यात भागीदारी होती. १९८५च्या मार्चमध्ये तिथल्या भागीदाराचा फोन आला. धंद्याचा फोन कार्यालयात यायला नको होता, हेही खरे. बायका मासळी सुकवतात त्या गावकीच्या जागेवर त्याला कोळंबी गोठवण्याचा कारखाना काढायचा होता. पंचायतीची संमती मिळवून दे, नाहीतर भागीदारी संपली, असे त्याने बजावले.

 अहमदभाई म्हणाले, "ती जागा माझी नाय. देणारा मी कोण?"

त्यांनी माझा रिसीव्हर खाली ठेवला. कार्यालयात दुसरे कोणीही नव्हते.

दुबईहून रजेवर आलेल्या गावच्या माणसांनी कारखान्याची बातमी गावात आणलीच. कार्यालयातच, माझ्यासमोर, ग्रामसभा भरली. काशीराम नावाचा सदस्य उभा राहिला.

"अहमदभाई, तुमची भाकरी परदेशात. उद्या तुमच्या शेठनं किनारा मागितला, तर तुम्ही या देशाचे की त्याचे?"

"अत्तर तिकडचं, मत पण तिकडचं," भाईंच्या दुबईच्या अत्तरावरून मागून कोणीतरी म्हणाले. लोक हसले.

अहमदभाईंचा चेहरा उतरला. "माझे आजे-पणजे हितल्याच मातीत हायत. त्यांना जाऊन विचार."

तेव्हा मासळी सुकवणारी सोनूबाई उठली. ती हसली नव्हती. "भाई, देशाचं मी नाय विचारत. माझी जागा जाणार काय, तेवढं सांगा."

माझ्यावर भागीदाराला सांगितलेले ते एक वाक्य पुरले असते. पण अपमान इतका झोंबला होता की काही न बोलता ते निघून गेले.

पुढच्या महिन्यात त्यांच्यावर अविश्वासाचा ठराव मंजूर झाला. भागीदारी तर आधीच गेली होती. जागा मात्र राहिली. सोनूबाई तिथेच बोंबील सुकवत राहिली आणि अहमदभाईंच्या दारावरून जाताना मान फिरवत राहिली.

नवा फोन आला आणि मी कपाटात गेलो.

मित्रांनो, परदेशात धंदा असलेल्या पुढाऱ्याला प्रश्न विचारायलाच हवा. पण सोनूबाईसारखा विचारा. आणि उद्या गावाने तुमच्यावर विश्वास टाकला, तर आपले व्यवहार कोणी विचारण्याआधी सांगा. विचारणाऱ्याचा राग आला तरी सांगा.

गेल्या वर्षी अहमदभाई वारले. ते उत्तर आता एकट्या माझ्यापाशी आहे, आणि माझी तार तोडलेली आहे.