शिंप्याची चाल

हे कुणाला खरं वाटणार नाही, आणि ज्याला वाटेल त्याच्या अकलेची मला शंका येईल. पस्तीस वर्षं मी थेटरात मशीन चालवलं. सेकंदाला चोवीस चित्रं. त्यातलं एक जरी इकडचं तिकडे झालं, तरी माझी डावी पापणी फडफडायची. डॉक्टरांनी तसं लेखी दिलंय. कागद सापडत नाही, तो भाग वेगळा.

तर आमचा शेजारी शिंपी. तरुणपणी एका सिनेमात खांद्यावर कापडाचा गठ्ठा घेऊन रस्त्याने चालत गेला. चार सेकंद, आणि दिसते ती पाठच. पण त्या पाठीवर गड्याने चाळीस वर्षं काढली. गिऱ्हाइकाच्या छातीचं माप घेतानाही तो सिनेमा निघायचा. शेवटी त्याची बायको, म्हणजे आमच्या वहिनी, कावल्या. म्हणाल्या, त्या सिनेमाची जुनी डीव्हीडी मिळालीये, दाखवाच एकदा. तुम्ही निघालात तर गल्लीभर मीच सांगेन, नाही निघालात तर हा विषय जन्मात काढायचा नाही. शिंप्याचा चेहरा उसवला. त्याच्याकडे दुसरा विषयच नव्हता.

डीव्हीडीवरचं चित्र धूसर, म्हणून आम्ही तिघं माझ्या भाचीकडे गेलो. ती असे सिनेमे कॉम्प्युटरवर उतरवते, मोठे आणि लख्ख करून देते. तिने आधी फ्रेमरेट, म्हणजे सेकंदाला किती चित्रं ते, धरला तीस. जास्त ते चांगलं, हा तिचा तर्क. चकतीवर तेवढी चित्रं कुठून असणार? कॉम्प्युटर दर पाचवं चित्र दोनदा दाखवू लागला. गठ्ठेवाला चपलेत खडा गेल्यासारखा अडखळत गेला. वहिनी म्हणाल्या, आमचे लंगडत नाहीत.

मग साठ. मधली चित्रं कॉम्प्युटरने स्वतःच्या मनाने काढली. लख्ख करण्याच्या नादात सदऱ्यावरच्या चौकड्या पुसल्या. शिंपी कळवळला, सदरा त्याने स्वतः बेतलेला. माणूस लोण्यावरून घसरावा तसा गेला, आणि जाता जाता वाकून कुणाची तरी पडलेली सुई उचलून दिली, हे मी या डोळ्यांनी पाहिलं. वहिनी म्हणाल्या, इतके कामसू ते कधीच नव्हते.

शेवटी भाचीने चकतीवर होते तसे पंचवीस ठेवले. चौकड्या परत आल्या, चाल सरळ झाली. वहिनी खुर्ची पुढे ओढून बघत राहिल्या आणि मग त्यांनी मान हलवली. या माणसाला घाई आहे, म्हणाल्या. आमचे नव्हेत. शिंपी गळ्यातली टेप काढून गुंडाळू लागला.

तेवढ्यात माझी पापणी फडफडली.

"बये," मी भाचीला म्हटलं, "सिनेमा चोवीसने काढलेला, चकती करताना पंचवीसने पळवलाय. लगाम ओढ."

तिने ओढला. सेकंदाला एकच चित्र कमी. गठ्ठेवाला रेंगाळत, दर दोन पावलांनी खांदा उडवत, साऱ्या जगाला थांबायला लावत निघाला.

"हेच," वहिनी म्हणाल्या. "जेवायला हाक मारली की चाळीस वर्षं असेच येतात."

त्याच संध्याकाळी त्यांनी गल्लीभर सांगितलं. काल शिंप्याच्या दुकानात गिऱ्हाइकांना मीही सांगत होतो. वहिनी कोपऱ्यात काजं करत होत्या. मी रंगात आलो. म्हटलं, वहिनींनी "हेच" म्हणताच पडद्यावरचा शिंपी थांबला, त्यांच्याकडे बघितलं, आणि चक्क डोळा मारला.

वहिनींनी दोरा दाताने तोडला.

"भावजी," त्या म्हणाल्या, "ते पाठमोरे आहेत."