परतीची रेघ

मित्रांनो, मी प्रयोगशाळेतला एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. नावावर जाऊ नका. मला दिसत काहीच नाही. मी चाचपतो. माझ्या लवचीक पट्टीच्या टोकाला एक इवलीशी सुई आहे. तिने हलकेच दाबायचे आणि वस्तू किती वाकली ते सांगायचे, एवढेच माझे काम. स्वभाव मात्र संशयी. दार आपटले, कोणी खोकले, तरी सुई थरथरते. मग भरवसा धरायचा कोणाचा?

माझी जुळणी करणाऱ्याने प्रत्येक स्क्रू तीनतीनदा पिळून पाहिला होता. खोड बहुधा त्याच्याकडूनच आली. नवा होतो तेव्हा पाहुणे माझ्याशेजारी उभे राहून फोटो काढत. पुढे शेजारच्या खोलीत नवे यंत्र आले आणि माझ्या आच्छादनावर धूळ साचू लागली.

मग एक संशोधक मुलगी आली. तिच्या तारा अर्धवाहकाच्या, म्हणजे संगणकाच्या चिप ज्याच्या करतात त्या पदार्थाच्या होत्या. जाडी केसाच्या हजाराव्या हिश्श्याएवढी. ओढ्यावर ओंडका टाकावा तशी एकेक तार बारीक खाचेवर आडवी पडलेली असे. मी मधोमध दाबायचो आणि ती किती वाकली यावरून मुलगी जाडीचा फरक वजा करून तिच्या पदार्थाचा ताठपणा काढायची. दीड वर्षाने तिचे डोळे चमकले. जास्त बारीक तारा जाड तारांपेक्षा निम्म्याने मऊ निघाल्या होत्या!

तिच्या सरांनी कागद खाली ठेवला. "आकडे फारच सोयीचे आलेत. नको ते गाळलेस का?"

"नाही हो, सर. एकही नाही."

"मग यंत्र खोटं बोलतंय."

"म्हातारं आहे ते, लबाड नाही," दुरुस्तीवाले काका कोपऱ्यातून म्हणाले.

"काका, तुम्ही त्याचे वकील का?" सर उठले. "शुक्रवारपर्यंत सांग, चूक तुझी की त्याची. तुझी असेल तर प्रबंध थांबेल. त्याची असेल तर ते भंगारात जाईल."

त्या दिवसापासून ती माझ्याकडे तिरक्या नजरेने पाहू लागली. नजर असती तर मीही तसेच पाहिले असते. मला एक गोष्ट खुपत होती. बारीक तार दाबताना तिच्या टोकाशी काहीतरी सरकल्यासारखे वाटे. दर वेळी मी दोन रेघा काढायचो, एक दाबतानाची, एक सोडतानाची. पण फाइल जड होते म्हणून परतीची रेघ साठवायचीच नाही, अशी तिथली पद्धत पडली होती. शिवाय माझीच मला खात्री नव्हती. जुन्या सुईला भासही होत असतील.

गुरुवारी काकांनी पडद्यावर बोट ठेवले. "पोरी, तू त्याचं अर्धंच ऐकतेस. जाताना काय म्हणतो ते लिहितेस. आणि येताना?"

"येताना तेच म्हणणार ना, काका? तार वाकली तशीच सरळ होते."

"होते, की व्हावी असं तुला वाटतं?"

ती चिडली, पण तिने परतीची रेघ सुरू केली. जाड तारेच्या दोन्ही रेघा एकमेकींवर नेमक्या बसल्या. बारीक तारेच्या रेघांत फट पडली. तार मऊ नव्हतीच! तिची टोके काठावरून घसरत होती. मुलीने धातूचे सूक्ष्म ठिपके देऊन ती पक्की केली आणि मला पुन्हा दाबायला लावले. बारीक तार जाड तारेइतकीच ताठ निघाली.

शुक्रवारी तिने दोन्ही आलेख सरांपुढे ठेवले. "मी काही गाळलं नव्हतं, सर. यंत्रही खोटं नाही. पण शोधही नाही."

सरांनी आलेख जवळ ओढले. "हे तू दाबून टाकू शकली असतीस."

"रात्रभर तोच विचार करत होते," ती म्हणाली.

"सगळ्या तारा परत मोजाव्या लागतील. वर्ष जाईल."

"जाऊ दे. यंत्र मात्र हेच हवंय."

मित्रांनो, जुन्या वस्तूंवर संशय जरूर घ्या. पण टाकून देण्याआधी त्यांचे म्हणणे शेवटपर्यंत ऐका. ती मुलगी अजूनही माझ्यावर पुरता विश्वास टाकत नाही. रोज सकाळी धूळ पुसते आणि ठाऊक असलेल्या ताठपणाच्या पट्टीवर आधी मलाच तपासते. इतकी काळजी माझी आजवर कोणी घेतली नव्हती.