काकांचे कान आणि खटपट्याचा डबा

"तुझे काका गाळ्याच्या मालकाला सांगून आलेत. महिनाअखेर दुकान रिकामं करतो म्हणाले," मावशी दुकानाच्या दारातच म्हणाली. "गिऱ्हाईक 'कंबर सैल ठेवा' म्हणतं, नि ह्यांना नुसती खरखर. तूच म्हणालास ना, कानच गेलेत?"

खटपट्या तसं म्हणाला होता खरा. नाही कसं म्हणणार?

कमी ऐकू येणाऱ्या काकांसाठी ऐकायचा डबा खटपट्यानेच बनवला होता. एका टोकाला माइक, दुसऱ्या टोकाला हेडफोन आणि मधे आवाज वाढवणारी नखाएवढी चिप. पुस्तकं नि व्हिडिओ बघून शिकलेला गडी. काकांनी खरखरीची तक्रार केली, तेव्हा त्याने डबा घरी नेला, स्वतःचा हेडफोन लावला, छान ऐकू आलं. मग परत देताना हसतहसत म्हणाला, "डबा ठणठणीत आहे काका. सर्व्हिसिंग कानांचं करा!"

काकाही हसले होते तेव्हा. आणि घरी जाऊन त्यांनी दुकान बंद करायचं ठरवलं.

आत दुकानात काका वाकून कापडावर खडू ओढत होते. डबा शिलाई मशीनवर, आणि तिथून कापायच्या टेबलापर्यंत हेडफोनची लांबच लांब तार. फिरता यावं म्हणून काकांनीच मागितली होती, आणि खटपट्यानेच जोडून दिली होती. घरी तपासताना मात्र ही तार त्याने लावलीच नव्हती.

त्याने काकांचा हेडफोन कानाला लावला.

"काय रे, चहा टाकू का?" मावशीचा आवाज पार फाटका आला, जुनं कापड टरकन फाटावं तसा.

त्याने डबा उघडून चिपवर बोट ठेवलं. चटका बसला. कुणी बोलत नसतानाही चिप तापलेली!

आता त्याला आठवलं. सर्किटच्या नकाशात चिपच्या आउटपुटला एक छोटा रेझिस्टर नि एक कपॅसिटर दाखवला होता. ते नसले की लांब तारेवर चिप आपली आपणच थरथरायला लागते, ऐकू न येणाऱ्या वरच्या सुरात, आणि त्यात माणसाचं बोलणं फाटतं. टेबलावर आखूड तारेने तेवढ्याशिवायही वाजत होतं, म्हणून यानेच गाळले होते. कशाला उगाच लोढणं, म्हणून!

पिशवीतून सोल्डरिंगचं सामान काढून त्याने मागच्या खोलीत दोन्ही वस्तू जोडल्या.

काकांनी हेडफोन घातला, कात्री चालवली आणि थबकले. "अरे! कात्री ऐकू येतेय! काय केलंस?"

"बॅटरी उतरली होती," तोंडातून निघून गेलं.

"घ्या! आणि मी तुझ्या यंत्राला नावं ठेवत बसलो." काकांनी हसत स्वतःचे कान पकडले. "चुकलो रे बाबा."

हे मात्र त्याच्या घशाखाली उतरेना. माफी मागतंय कोण आणि कुणाची?

"काका, बॅटरी नव्हती," तो पुटपुटला.

काकांनी त्याच्याकडे नीट पाहिलं. मग हेडफोन काढून टेबलावर ठेवला.

"आता बोल. यंत्राशिवाय ऐकतो मी."

"चूक माझी होती."

"मोठ्याने!"

दारात एक गिऱ्हाईक पँट घेऊन उभं होतं. मावशी कप घेऊन आली होती. खटपट्याने डोळे मिटले आणि ओरडला, "दोन वस्तू मी गाळल्या होत्या! डबाच बिघडलेला होता! तुमचे कान नाहीत! नीट न तपासता मी तुमच्या कानांवर ढकललं!"

गिऱ्हाईक पँटची घडी चाचपत राहिलं. मावशी म्हणाली, "मेल्या, ह्यांना जेवण जात नव्हतं रे."

काकांनी छताकडे बोट दाखवलं. मग म्हणाले, "गाळ्याचा मालक वरच्या मजल्यावर राहतो. त्यालाही थोडं कमीच ऐकू येतं."

खटपट्या जिन्याकडे निघाला. मागून काकांचा आवाज आला, "आणि काका गाळा सोडत नाहीत, हेही एवढ्याच जोरात सांग! गाळा दुसऱ्याला दिला असेल, तर पाया पड त्याच्या!"