पाटी, चिमटा आणि डबी

कुठलीही वस्तू घ्यायची म्हटली की सुनेचा जीव आधी आठवडाभर टांगणीला लागायचा. लेकीसाठी, बिट्टीसाठी दुधाची बाटली घेताना तिने इतकी चौकशी केली होती, की नवऱ्याने शेवटी विचारलं होतं, "बाटली घेतेयस की जावई शोधतेयस?" आता तर गाणी ऐकायचा छोटा प्लेअर घ्यायचा होता, तोही स्वस्तातला, आणि त्याच्यावर सासूबाईंचा डोळा अवलंबून होता.

डोळा म्हणजे खरोखरचा डोळा. सासूबाईंच्या उजव्या डोळ्याच्या पडद्याला मधोमध बारीक भोक पडलं होतं. डावा डोळा लहानपणापासून आळशी, नुसता नावाला. सगळा कारभार उजव्याच्या जिवावर चाललेला, आणि त्या उजव्याने आता माणसांचे चेहरे खायला सुरुवात केली होती. केस दिसायचे, कान दिसायचे, मधलं तोंड मात्र बोटाने पुसल्यासारखं. एकदा बिट्टीला मांडीवर घेऊन त्या सहज म्हणाल्या, "ही आत्ता हसतेय की रडायच्या बेतात आहे गं?" बिट्टी खिदळत होती. सून स्वयंपाकघरात गेली आणि आधीच पुसलेला ओटा पुन्हा पुसत राहिली.

डोळ्यांच्या डॉक्टरीणबाईंनी समजावून सांगितलं. शस्त्रक्रिया करून डोळ्यात वायूचा बुडबुडा सोडायचा. तो भोकाला आतून दाबून धरेल आणि भोक मिटेल. पण बुडबुडा नेहमी वर चढतो, म्हणून भोक वरच्या अंगाला हवं, म्हणजेच चेहरा जमिनीकडे हवा. चांगला आठवडाभर. झोपायचं ते पालथं, बसायचं ते मान घालून, चालायचं तेही पायांकडे बघत.

"मान वर गेली की बुडबुडा जागा सोडतो," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "सारखी वर गेली तर भोक उघडंच राहील. जमेल ना?"

"न जमायला काय झालं," सासूबाई म्हणाल्या, आणि हे म्हणताना त्यांनी खोलीतली सगळी चित्रं, पंखा आणि दाराशी आलेली नर्स एवढं सगळं मान फिरवून पाहून घेतलं.

सासूबाईंचा उभा जन्म शाळेत गाणं शिकवण्यात गेला होता. दाराची घंटा वाजली की कोण आलं हे बघण्याआधी ती किती बेसूर झालीय ते सांगणार. गप्प पडून राहणं त्यांना ठाऊक नव्हतं. त्यांना पालथं ठेवायचं तर कानांना काहीतरी काम द्यायला हवं होतं. फोन देण्यात अर्थ नव्हता, कारण फोनवर जुने विद्यार्थी यायचे, आणि विद्यार्थी आले की सासूबाई उठून बसायच्या. नुसती गाणी वाजवेल, मधे बोलणार नाही, आणि न बघता चालवता येईल असं यंत्र हवं होतं.

दुकानात काचेखाली घड्याळं, चार्जर आणि एका कोपऱ्यात तीन प्लेअर होते. दुकानदाराने तिन्ही बाहेर काढले. "आवाज सगळ्यांचा सारखाच आहे, ताई. रंग बघा नि घ्या."

"सारखाच?" सासूबाईंनी पर्स सुनेकडे दिली. म्हणजे बैठक लांबणार. "एकच गाणं तिन्हींत घाला. वेगवेगळी गाणी ऐकून काय कळणार?"

गाणं त्यांचंच होतं. शाळेतल्या जुन्या कॅसेटवरची समूहगीतं विद्यार्थ्यांनी उतरवून दिली होती, ती सुनेने मेमरी कार्डावर भरून आणली होती. पहिला प्लेअर चपटा, अख्खा पडदाच, बोट फिरवून चालवायचा. सासूबाईंनी त्याचं नाव ठेवलं पाटी. दुसरा बोटाएवढा, कपड्याला अडकवायचा, तो चिमटा. तिसरा जाडा, चौकोनी, पोटात स्वतःचा स्पीकर असलेला, ती डबी.

पाटी कानाला लावून त्या थोडा वेळ थांबल्या. "गाणं संपलं की मागे सूं सूं येतंय. कुणीतरी गॅस चालू ठेवून गेल्यासारखं."

"पण आई, ह्यात फोटोपण बघता येतात," दुकानदार म्हणाला.

"डोळ्याला भोक पडलंय म्हणून गाणी घ्यायला आलेय मी, आणि तुम्ही फोटो दाखवा."

डबी चालू केली तशी काचेखालची घड्याळं थरथरली. "सगळी पोरं गोधडीत शिरून गातायत," सासूबाई म्हणाल्या. "व्हायोलिन कुठे गेलं?"

"आवाज मोठा आहे बघा."

"मोठा आहे हो. आमच्या मुख्याध्यापकांचाही होता."

मग चिमटा. इयरफोन कानात घातले आणि सासूबाई बोलायच्या थांबल्या. बिट्टीने त्यांची ओढणी ओढली तरी लक्ष नाही. "अगं," त्या हळूच म्हणाल्या, "मागे उभ्या पोरांची तिसरी ओळसुद्धा वेगळी ऐकू येतेय."

तोवर सुनेचे प्रश्न सुरू झाले होते. बटणं हाताला कळतील का? चुकून दाबली गेली तर? बॅटरी किती पुरते? वायर किती लांब, आणि ती लहान मुलाच्या गळ्यात अडकण्याइतकी लांब तर नाही ना?

"ताई," दुकानदार म्हणाला, "एवढी चौकशी तर लोक घर घेतानाही करत नाहीत."

चिमटा घेतला. दोघींनी तो उभ्याने ऐकला, खुर्चीत बसून ऐकला, आळीपाळीने एकेका कानाने ऐकला. पालथं पडून ऐकायचं मात्र दोघींपैकी एकीलाही सुचलं नाही. सुचलं असतं तरी दुकानाच्या फरशीवर कोण आडवं होणार होतं?

शस्त्रक्रिया नीट पार पडली. शेजारी मालिश करणाऱ्या बाई राहायच्या. त्यांनी आपला पलंग दिला, डोक्याच्या जागी चेहऱ्याएवढं भोक असलेला. "डोळ्याच्या भोकाला पलंगाचं भोक," असं म्हणत सासूबाई पालथ्या पडल्या. उजव्या डोळ्यावर पट्टी होती. डाव्या, आळशी डोळ्याला खाली फरशी दिसत होती आणि तिच्यावर बसलेली बिट्टी.

"खाली काहीतरी लाल हलतंय. ते आपलंच ना?"

"आपलंच आहे, आई. तुम्ही मान नका हलवू."

नवरा छापखान्यात कामावर गेला आणि सुनेने चिमटा सासूबाईंच्या कॉलरला लावून दिला. गाणं सुरू झालं. पोरांच्या पहिल्या दोन ओळी गाऊन झाल्या. तिसऱ्या ओळीची पाळी आली तसा सासूबाईंचा चेहरा भोकातून अलगद वर उचलला गेला.

"आई, मान."

"हो हो." चेहरा खाली. दोन ओळी. चेहरा वर.

"आई."

"अगं, मी कुठे काय केलं?"

त्या खोटं बोलत नव्हत्या, हीच तर पंचाईत होती. त्यांना पत्ताच लागत नव्हता. दुपारपर्यंत सुनेने इतक्या वेळा "आई, मान" म्हटलं, की बिट्टीही "आई मा, आई मा" म्हणत पलंगाभोवती फिरू लागली. सुनेने एक इयरफोन आपल्या कानात घालून पाहिला. तिला मुलं गाताना ऐकू आली, बाकी काही नाही.

"इथे काय होतं तुम्हाला?"

"इथे तिसरी ओळ सुरू होते ना. डावीकडचा तो लांबुळक्या मानेचा, तो नेहमी उशिरा उचलतो. त्याला आधी सांगावं लागतं."

"कसं सांगायचात?"

"कसं म्हणजे? माझे दोन्ही हात पियानोवर. हनुवटीनेच सांगणार की."

तेव्हा सुनेच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडला. हनुवटी वर, म्हणजे घ्या. एवढी वर्षं ओळीमागून ओळ त्यांनी हनुवटीने उठवली होती. आणि आपण काय केलं? निवडून निवडून असा प्लेअर आणला, की प्रत्येक ओळ आपापल्या जागी, समोर उभी राहिल्यासारखी ऐकू यावी. डावीकडचा डावीकडे, उजवीकडचा उजवीकडे. मग बाई इशारा करणार नाही तर काय?

"तो आता दातांचा डॉक्टर झालाय," सासूबाई खालच्या फरशीला सांगत होत्या. "अजूनही उशिराच येतो म्हणे दवाखान्यात."

सुनेने प्लेअर बंद केला. बंद केल्यावर जास्तच बिघडलं. शांततेत सासूबाईंना कुकर ऐकू आला, जिन्यातली पावलं ऐकू आली, आणि प्रत्येक वेळी "कोण आहे गं" म्हणून मान उठली. सून पलंगापाशी फरशीवर बसून राहिली. डॉक्टरीणबाईंचं "भोक उघडंच राहील" तिच्या कानात घुमत होतं. रागावून बोलावं तर माणूस मुद्दाम करत नाही, आणि न रागावावं तर डोळा जातोय. तिला रडू आलं, पण शेजारी बिट्टी होती, आणि बिट्टीसमोर रडायचं नाही असं तिने स्वतःला बजावून ठेवलं होतं.

बिट्टी पलंगाखाली सरकली. भोकाच्या बरोबर खाली उताणी पडली आणि वर बघून तिने एक लांबलचक "आऽऽ" लावला.

"हं, आता पुढचा," सासूबाई म्हणाल्या, आणि त्यांची हनुवटी खाली गेली. चांगली भोकाच्या आत.

बिट्टीने पुन्हा "आऽऽ" केलं. हनुवटी पुन्हा खाली.

सून बघत राहिली. तिसऱ्यांदाही तेच. गाणारी पोर खाली होती, म्हणून इशाराही खालीच जात होता.

शेजारच्या बाईंना घरात बसवून सून दुकानात पोहोचली तेव्हा तिला धाप लागली होती. "ती डबी द्या. चिमटा परत घ्याल का?"

दुकानदार चिमट्याकडे आणि तिच्याकडे बघत राहिला. "काय बिघडलं ह्यात?"

"काहीच नाही. फार चांगला वाजतो."

"आणि डबी हवीय, कारण..."

"कारण ती वाईट वाजते आणि खालून वाजते."

त्याने चिमट्याच्या बदल्यात डबी दिली. सून दाराबाहेर पडत होती तेव्हा त्याने मागून फक्त एवढं म्हटलं, "आईंना सांगा, मुख्याध्यापक येतायत."

डबी भोकाखाली फरशीवर ठेवली, बिट्टीचा हात सहज पोचणार नाही अशी बेताने बाजूला. बटण दाबलं. पोरं गोधडीतून गायला लागली, सगळी एका ढिगाऱ्यात, कुठली पहिली ओळ नि कुठली तिसरी कळायची सोय नाही.

"अरेरे," पलंगावरून आवाज आला. "सगळ्यांना एकदम सर्दी झालीय."

"हो आई."

"बासरी वाजतेय की प्रेशर सुटतंय?"

"माहीत नाही, आई."

"आणि हा लांबुळका कुठे गेला?" हनुवटी हलली आणि खाली गेली. तिथेच राहिली. सासूबाई कुरकुर करत होत्या, पण कुरकुर करायला मान वर करावी लागत नाही. सुनेला एवढी गोड कुरकुर कधी ऐकल्याचं आठवत नव्हतं.

मग घराला तेच वळण पडलं. खाली डबी, डबीपासून हातभर अंतरावर बिट्टी, वर सासूबाई, आणि पलंगाच्या पायाला टेकून सून, एक डोळा पोरीवर आणि एक त्या हनुवटीवर. जेवणाची ताटली स्टुलावर खाली ठेवायची, पाण्याला वाकडी होणारी नळी. संध्याकाळी नवरा आला की तोही फरशीवर आडवा पडून आईशी बोलायचा, कारण तिचं तोंड बघायचं तर दुसरा मार्ग नव्हता. "आई, खालून तू फार रागीट दिसतेस," तो म्हणायचा. "वरूनही तशीच आहे मी," त्या म्हणायच्या.

एका दुपारी सुनेला पाय पसरून बसल्या बसल्याच डुलकी लागली. जाग आली ती एकदम, कारण खोलीत काहीच वाजत नव्हतं. शांतता म्हणजे मान वर. ती धडपडून पलंगाखाली वाकली.

सासूबाईंचा चेहरा भोकात होता. डावा डोळा उघडा, खाली बघणारा. खाली बिट्टी डबीवर हात टाकून झोपली होती. लोळता लोळता ती डबीपर्यंत पोचली होती आणि तिनेच बटण दाबलं होतं.

"बंद कधी झालं?" सुनेने दबक्या आवाजात विचारलं.

"झाला बराच वेळ."

"मला हाक का नाही मारलीत?"

"झोपल्या होतात दोघी. हाक मारायला मान वळवली असती, तर मग तूच ओरडली असतीस." मग त्या म्हणाल्या, "तशी मला आता सवय झालीय. पड तू अजून थोडी."

सुनेने त्यांच्या लोंबत्या हाताची बोटं धरली आणि तशीच पडून राहिली. जिन्यात कुणाचीतरी पावलं वाजली. मान हलली नाही.

तपासणीच्या दिवशी डॉक्टरीणबाईंनी यंत्रातून खूप वेळ पाहिलं. सून दाराशी उभी होती आणि बिट्टीच्या पायातला मोजा काढून पुन्हा घालत होती.

"मिटलंय," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "फार छान. तुम्ही मान खरंच खाली ठेवलीत की."

"हिने ठेवायला लावली," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरीणबाईंनी त्यांचा डावा डोळा झाकला आणि मान वर करून सरळ समोर बघायला सांगितलं. एवढ्या दिवसांनी मान वर करायची तर सासूबाईंनी आधी सुनेकडे तोंड करून विचारलं, "करू ना?"

"करा, आई."

"खाली पाणी हलतंय. टाकीतलं पाणी डुचमळावं तसं."

"तो बुडबुडा आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "विरत जाईल. पाण्याच्या वर काय दिसतंय?"

सून पुढे सरकली होती. सासूबाई तिच्याकडे निरखून बघत राहिल्या. "कपाळ दिसतंय हिचं," त्या म्हणाल्या. "आणि आठ्या. अगं, एवढ्या आठ्या कधी पडल्या तुला?"

सुनेला हसू फुटलं आणि त्याच्याबरोबर डोळेही भरून आले. बिट्टीसमोर रडायचं नाही हे तिच्या ध्यानातच राहिलं नाही. तिने बिट्टीला दोन्ही हातांनी उचललं, आपल्या डोक्याहून वर, त्या डुचमळत्या पाण्याच्या वर, सासूबाईंच्या अगदी समोर. बिट्टी आधी चकित झाली आणि मग खदखदून हसली.

"हसतेय," सासूबाई म्हणाल्या. "मधे जरा धूसर आहे, पण हसतेय." त्यांनी हात पुढे केला, पण पोरीला खाली घेऊ दिलं नाही. "थांब, अशीच धर. हात दुखले तरी धर."