पंचवीस घुबडं आणि एक गमबूट

मी एक जुनी करवत आहे. जुनी म्हटलं हं मित्रांनो, म्हातारी नाही! म्हातारी म्हणणाऱ्याला मी अजून दात दाखवते.

मी विजेवर चालते. माझं पातं सुतासारखं बारीक, एका जागी उभं राहून खाली-वर, खाली-वर नाचणारं. जपानातल्या आमच्या डोंगरगावच्या शाळेत, हस्तकलेच्या खोलीत, खिडकीशी माझी जागा. पाचवीची पोरं दरवर्षी पहिल्यांदा माझ्यासमोर येतात तेव्हा एकमेकांच्या मागे लपतात! मग कुवाबाता बाई सांगतात, "ढकलायचं नाही. दोन्ही हातांनी लाकूड दाबायचं आणि लाकूडच वळवायचं. बोटं पात्याच्या वाटेत आणायची नाहीत." घाई केली की टण्ण! पातं तुटतं. बाई रागवत नाहीत, नवं लावतात. गावातल्या निम्म्या दारांवरच्या नावाच्या पाट्या माझ्याच हातच्या आहेत. काही वाकड्या आहेत. असू देत की!

पण यंदा नवे उपमुख्याध्यापक आले, ताकिनो सर. नीटनेटका माणूस, खिशाला तीन पेनं. खोलीत आले, भुशावर बोट फिरवलं आणि म्हणाले, "बाई, एका पाटीला सहा तास? तेवढ्यात अपूर्णांकांचा धडा संपतो! आणि हे दातवालं यंत्र कशाला हवं? आता सगळं कापून, पाकिटात भरून मिळतं. चिकटवलं की झालं."

"चिकटवण्यात मूल काय बघतं, सर?" बाईंनी विचारलं.

"सूचना बघतं. तेही शिकायलाच हवं की."

झालं! माझ्या कपाळावर लाल चिठ्ठी चिकटली : 'टाकाऊ. शनिवारी नेणे.' शनिवारी, मित्रांनो! आणि त्याच्या आदल्याच दिवशी पालक वर्ग बघायला येणार होते. त्यांच्यासाठी सव्वीस मुलांना सव्वीस पाकिटं दिली गेली. प्रत्येकात एक लाकडी घुबड, दोन डोळे, चार आकडे किल्ल्या अडकवायला.

सुझुहानं पाकीट उघडलंच नाही. सुझुहा म्हणजे टोफूवाल्या मुरोईंची लेक, वर्गात मोजून चार शब्द बोलणारी.

"काय गं?" बाई म्हणाल्या.

"आमच्या दारात घुबड येत नाही, बाई."

"मग काय येतं?"

"बाबांचा गमबूट."

बाईंनी माझ्याकडे बघितलं, चिठ्ठीकडे बघितलं आणि सरळ माझी पिन भिंतीत खोचली! चार दिवस मधल्या सुट्टीत ती पोर माझ्यासमोर उभी. पहिल्याच दिवशी दोन पाती मोडली तिनं. मागून वर्गातला तोमोनारी चिडवायचा, "ए, बूट कुणी भिंतीला टांगतं का? वास येईल!" ती लाकडावरची नजर हलवायची नाही. तिसऱ्या दिवशी ती लाकूड वळवायला शिकली. टाचेपाशी आली आणि थांबली, डोळे मिटले, मग टाच एका बाजूला तिरकी कापली. मला वाटलं, चुकली!

आता ऐका गंमत. पालक येणार म्हणून ताकिनो सरांनी खास सफाई लावली. आमच्याकडे शाळा पोरंच पुसतात, आणि पुसतात म्हणजे कशी, कोपरा न कोपरा! त्यांनी घुबडं नि बूट मांडले होते ती फळी पुसली, घुबडं पुसली, घुबडांची बुडंसुद्धा ओल्या फडक्यानं घासघासून पुसली. आणि नावं लिहिली होती कुठे? बुडावरच, शाईनं!

पालक आले. पंचवीस घुबडं, पन्नास डोळे, एकावरही नाव नाही. आया घुबडं उलटीपालटी करतायत. तोमोनारीच्या आईनं एक उचललं, "अय्या, किती सुंदर केलंय माझ्या राजानं!"

"आई, ते माझं नाहीये."

"मग तुझं कुठलं?"

तोमोनारी फळीकडे बघत राहिला. त्यालाही कळेना!

एवढ्यात मुरोई आले, दुकानातून तसेच, बाहीला टोफूचं पाणी. फळीपाशी आले आणि एकदम थबकले.

"अरे! हा तर माझा बूट!"

"कशावरून?" ताकिनो सरांनी विचारलं.

"कशावरून काय सर, टाच बघा ना! माझा डावा पाय तिरका पडतो, टाच एकीकडेच झिजते. बायकोलासुद्धा माहीत नाही हो हे." मग ते लेकीकडे वळले, आवाज खाली आला. "तू कधी बघितलंस गं?"

"रोज," सुझुहा म्हणाली. "तुम्ही पहाटे जाता, संध्याकाळी येऊन लगेच झोपता, बूट तेवढा दारात असतो. मी तोच बघते."

मुरोईंनी बाहीनंच डोळे पुसले. ताकिनो सरांनी हातातलं घुबड सावकाश खाली ठेवलं. नंतर, सगळे गेल्यावर, ते एकटेच आले. माझी चिठ्ठी नखानं खरवडून काढली आणि पुटपुटले, "या वर्षापुरतं."

वर्षापुरतं? बघू की!

सोमवारी माझ्यासमोर पंचवीस पोरांची रांग, प्रत्येकाच्या हातात एक घुबड. पहिला तोमोनारी. "बाई, याचा एक कान कापू? आमच्या मांजराला एकच आहे." दुपारपर्यंत एक घुबड दुसऱ्यासारखं उरलं नाही!

मित्रांनो, मला तेल द्या, भुसा झाडा, पात्याला घाई करू नका. आणि कुणी तुमच्या हातात कापून तयार घुबड दिलंच, तर ते घेऊन थेट माझ्याकडे या. चिठ्ठीचा डिंक अजून माझ्या कपाळावर आहे. मी तो पुसू देत नाही.